दम्याच्या गोळ्या आणि आकसलेली झडप : चोपडा तालुक्यातल्या एका गरोदर बाईचं प्रकरण

रुग्ण २४ वर्षांची. दुसरी खेप, २६ आठवडे पूर्ण. वजन ४३ किलो. गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. काम शेतमजुरीचं, नोव्हेंबर असल्यामुळे कापूस वेचणी चालू होती. कुटुंब आदिवासी, पण दोन पिढ्या सपाटीवर राहिलेलं, घरात बोली अहिराणी. तक्रार तिच्याच शब्दांत अशी : “माले दम लागस. रातले आडं पडता येत नही, उठी बसनं पडस.” ओळख पटेल असे तपशील इथे वगळले आहेत.

हे प्रकरण सविस्तर लिहितोय त्याला कारण आहे. आपल्या भागात तरुण बाईला दम लागला की दमा, रक्त कमी, टीबी किंवा “मनावर घेतलंय” या चारांपैकी एक निदान चटकन चिकटतं. हृदयाच्या झडपेचं नाव फार उशिरा निघतं, आणि तोवर बाई एक-दोन बाळंतपणांतून गेलेली असते. झडपेचा हा आजार ऐकू येतो, विचारला तर इतिहासात सापडतो आणि वेळेवर हाती लागला तर छाती न उघडता सुधारता येतो. म्हणून तो निसटला की जास्त जिव्हारी लागतं.

आधीचं वर्ष

पहिलं बाळंतपण चार वर्षांपूर्वी, घरीच झालं. शेवटच्या दोन महिन्यांत दम लागत होता, पण “पोटाशी असताना लागतोच” म्हणून कुणी फारसं मनावर घेतलं नाही. बाळंतपणानंतर बरं वाटलं. मग हळूहळू हंडा आणताना थांबावं लागू लागलं, खोकला राहू लागला, एकदा थुंकीत रक्ताची रेघ दिसली. तेव्हा टीबीची तपासणी झाली. बेडका दोनदा निगेटिव्ह आला. पुढे छातीत घरघर ऐकून एका दवाखान्यात दम्याचं निदान झालं आणि सालब्युटामॉलच्या गोळ्या सुरू झाल्या. त्या ती जवळपास वर्षभर अधूनमधून घेत होती. उपयोग काय झाला, असं विचारलं तर म्हणाली, छाती जास्तच धडधडायची.

घरघर ऐकणाऱ्या डॉक्टरांना खोटं ठरवायचं कारण नाही, घरघर खरीच होती. फुप्फुसांत रक्त तुंबलं की श्वासनलिकांचं अस्तर सुजतं आणि दम्यासारखीच शीळ वाजते. दोन्हींत फरक करणाऱ्या खुणा तिच्या हकिकतीत होत्या : आडवं पडलं की वाढणारा आणि बसलं की कमी होणारा दम, झोपेतून दचकून उठवणारी घुसमट, थुंकीतलं रक्त, गरोदरपणात झालेली वाढ आणि दम्याच्या औषधाने न मिळालेला आराम.

या खेपेला सहाव्या महिन्यात अशक्तपणा फार वाढला. हिमोग्लोबिन ८.२. वेचणीवरून आल्यावर चक्कर आली म्हणून गावाजवळच्या एका दवाखान्यात ताकदीसाठी लागोपाठ सलाईनच्या दोन बाटल्या चढवल्या. दुसरी संपायच्या आत ती उठून बसली, खोकल्यातून फेस येऊ लागला, फेसाला गुलाबी झाक होती. तिथून तिला आमच्याकडे आणलं.

त्या रात्रीची तपासणी

नाडी ११८, नियमित. रक्तदाब १००/६४. श्वास मिनिटाला ३२. बोटावरचं ऑक्सिजनचं प्रमाण ९० टक्के. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी भिजलेले आवाज. पायावर थोडी सूज.

आधी उपचार, मग निदानाची चर्चा. तिला बसतं ठेवलं, पाय पलंगाखाली सोडले, ऑक्सिजन लावला, लघवीवाटे पाणी काढणारं फ्युरोसेमाइड शिरेतून दिलं. सलाईन बंद, सालब्युटामॉल बंद. तासाभरात लघवी मोकळी झाली आणि ती सलग वाक्य बोलू लागली. स्त्रीरोगतज्ज्ञांनी बाळाचे ठोके तपासले. ते व्यवस्थित होते.

मग तिला डाव्या कुशीवर वळवलं. वॉर्डातला पंखा बंद केला, नातेवाइकांना बाहेर थांबवलं. हे बारीक वाटेल, पण हृदयाच्या डाव्या दोन कप्प्यांमधल्या मायट्रल झडपेचा, ती आकसली की येणारा आवाज इतका खर्जातला असतो की फिरत्या पंख्याखाली तो हमखास हरवतो. स्टेथोस्कोपची बेल, म्हणजे खोलगट बाजू, हृदयाच्या टोकापाशी हलकीच टेकवायची; दाबून धरली तर तीच चपट्या डायफ्रॅमसारखी वागते आणि खर्ज निघून जातो. तिच्या छातीत पहिला ठोका टणक, आपटल्यासारखा येत होता. दुसऱ्या ठोक्यानंतर लगेच एक लहानसा तुटक आवाज, आणि त्याला लागून लांबवर गडगडत जाणारी घुरघुर. हे तीन आवाज एकत्र मिळाले की मायट्रल झडप आकसल्याचं निदान एको (हृदयाची सोनोग्राफी) व्हायच्या आधीच जवळजवळ झालेलं असतं.

दुसऱ्या दिवशीच्या टू-डी एकोत आकडे आले. मायट्रल झडपेचं तोंड निरोगी माणसात ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. दीड किंवा त्याहून कमी झालं की आजार तीव्र धरतात. तिचं ०.८ होतं. झडपेच्या दोन्ही बाजूंमधला सरासरी दाबाचा फरक १८ मिलिमीटर पारा, फुप्फुसांच्या धमनीतला दाब ६२; दोन्ही बरेच वाढलेले. डावा वरचा कप्पा फुगलेला, पण त्यात गुठळी नाही. झडपेची पुढची पाकळी हॉकीच्या काठीसारखी वाकलेली, दोन्ही पाकळ्या कडांना चिकटलेल्या. पाकळ्या मात्र अजून लवचीक होत्या, चुना (कॅल्शियम) फारसा साचलेला नव्हता, आणि मागे गळती किरकोळ होती. पुढच्या सगळ्या निर्णयांचा पाया हे शेवटचं वाक्य आहे.

दोन बाटल्या आणि गोळ्या इतक्या का भोवल्या

फुप्फुसांतून शुद्ध रक्त हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यात येतं आणि मायट्रल झडपेतून खालच्या कप्प्यात उतरतं. खालचा कप्पा ते शरीरभर ढकलतो. झडप दोन ठोक्यांच्या मधल्या विसाव्यातच उघडी असते. पाटचारीचं दार अर्धवट अडकलं की वरच्या अंगाला पाणी तुंबतं, तसं इथे रक्त मागे फुप्फुसांत तुंबतं.

आता ठोके वाढवा. ठोके वाढले की कात्री लागते ती नेमकी त्या विसाव्याला. सत्तरच्या गतीला जेवढं रक्त कसंबसं उतरत होतं, तेवढं एकशेवीसच्या गतीला उतरायला वेळच उरत नाही. सालब्युटामॉल ठोके वाढवतं. रक्तक्षय ठोके वाढवतो. ताप, वेचणीचे कष्ट, भीती, सगळंच वाढवतं. त्यात गरोदरपणी शरीरातलं रक्ताचं आकारमान ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि ही वाढ २८ ते ३२ आठवड्यांच्या आसपास शिखराला पोचते. म्हणून वर्षानुवर्षं निमूट राहिलेली झडप सहाव्या-सातव्या महिन्यात उघडी पडते. एवढ्या तुंबलेल्या रक्ताभिसरणात लिटरभर सलाईन ओतलं तर जे व्हायचं तेच झालं.

खानदेशात सलाईनवर लोकांचा फार विश्वास आहे आणि डॉक्टरांवर त्याचा दबावही असतो. बाटली लावली नाही तर “काहीच केलं नाही” असं वाटतं. पण आडवं पडल्यावर दम लागणाऱ्या माणसाला, त्यातही गरोदर बाईला, छाती न ऐकता बाटली लावणं धोक्याचं आहे. हे मी तालुक्यातल्या प्रत्येक सहकाऱ्याला हात जोडून सांगेन.

लहानपणचे गुडघे

लहानपणी काही मोठं आजारपण झालं का, या प्रश्नाला रुग्णाचं उत्तर “नही” असं होतं. उत्तर मिळालं ते तिच्या आईकडून. माय म्हणाली, पोरगी आश्रमशाळेत पाचवीला असताना एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा, मग घोटे. ताप होता, पोरीला उचलून बाहेर न्यावं लागायचं. त्याआधी घसा धरला होता. शाळेत सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी झालेली, ती निगेटिव्ह. वात म्हणून लेप लावले, भगताकडेही नेलं, आणि महिना-दीड महिन्यात पोरगी आपोआप चालायला लागली.

हा रुमॅटिक ताप होता. सांधे कसलाही मागमूस न ठेवता बरे होतात, त्यामुळे घरचे ती गोष्ट विसरतात. हृदयाचं नुकसान मात्र मागे राहतं. त्याचं मूळ घशातल्या ए गटाच्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूत असतं. जंतूविरुद्ध शरीराने तयार केलेली फौज हृदयाच्या नि सांध्यांच्या पेशींवरही चाल करते, कारण जंतूच्या काही प्रथिनांचं या पेशींशी साम्य असतं. वय साधारण ५ ते १५. घसा धरल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी सांध्यांची सूज येते. झडप आकसायला पुढे कित्येक वर्षं जातात, आणि प्रत्येक नव्या झटक्याने ती आणखी बिघडते.

सातपुड्याच्या पट्ट्यात सांधेदुखी म्हटलं की सिकलसेल आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण तपासणी निगेटिव्ह आली की प्रश्न संपत नाही, तिथून सुरू होतो. सुजलेले, एकातून दुसऱ्यात फिरणारे मोठे सांधे आणि ताप असलेल्या मुलाची छाती ऐकलीच पाहिजे, शक्य असेल तर एको केली पाहिजे.

प्रत्येक घसादुखीला पेनिसिलिन लागत नाही. बहुतेक घसे विषाणूंनी धरतात. सर्दी-खोकला नसताना ताप, टॉन्सिलवर पू आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी असतील तर मात्र उपचार टाळू नये. लक्षणं सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत पेनिसिलिन सुरू झालं तरी रुमॅटिक ताप टाळता येतो. श्रीमंत देशांत हा आजार पेनिसिलिन येण्याच्या आधीपासूनच ओसरू लागला होता, कारण घरं मोठी झाली, एका खोलीत झोपणारी माणसं कमी झाली. आपल्याकडच्या वसतिगृहांत आणि ऊसतोडीच्या कोप्यांत अजून उलटं आहे.

सगळे झडपेचे आजार असे होत नाहीत, हेही सांगायला हवं. साठी-सत्तरीच्या पुरुषाला चढावर छातीत दाटलं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन तो शेतात पडला, तर महाधमनीची झडप चुन्याने कडक झाली असण्याचा संशय घ्यावा. तीनऐवजी दोनच पाकळ्यांची झडप घेऊन जन्मलेल्यांना हे लवकर होतं. कुणाची मायट्रल झडप सैल होऊन गळते, कुणाच्या झडपेवर जंतू बसून ती कुरतडली जाते. उपचार प्रत्येकाचे वेगळे. महाधमनीची झडप आता मांडीतल्या धमनीतूनही बसवता येते. फ्रान्समध्ये अ‍ॅलेन क्रिबिए यांनी २००२ मध्ये छाती न उघडता अशी झडप प्रथम बसवली, ती मात्र मांडीतल्या शिरेतून. इथे मात्र गाठ तरुण बाईच्या मायट्रल झडपेशी होती.

फुगा की शस्त्रक्रिया

पहिले दहा-बारा दिवस औषधांवर गेले. ठोके खाली आणण्यासाठी मेटोप्रोलॉल, पाणी काढायला फ्युरोसेमाइड, मीठ कमी, लोहाची औषधं, आराम. नाडी ७६ वर आली आणि ती एका उशीवर झोपू लागली. घरच्यांना वाटलं, झालं बरं. सासू म्हणाली, “आता घरी नेतो साहेब, वेचणी उरकू दे, मग बघू.” त्यांना समजावताना एवढंच सांगितलं : मावशी, औषधाने पाणी उतरलंय, दार आहे तेवढंच अरुंद आहे; अजून तीन महिने वाढलेल्या रक्ताचा भार राहणार आहे आणि बाळंतपणाच्या कळा पुढे आहेत.

झडप बदलण्याचा पर्याय मागे ठेवला. गरोदरपणी हृदय थांबवून केलेली शस्त्रक्रिया बाळाला फार जड जाते. त्यातून धातूची झडप बसवली तर रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन जन्मभर घ्यावं लागतं. गरोदरपणाच्या सहाव्या ते बाराव्या आठवड्यात या औषधाने बाळात व्यंग येऊ शकतं, म्हणजे पुढच्या प्रत्येक गरोदरपणाचा विचार अवघड होतो. प्राण्याच्या ऊतीपासून केलेल्या झडपेला जन्मभर वॉरफरिन लागत नाही, पण तरुण वयात ती लवकर खराब होते. ज्यांना धातूचीच झडप लागते त्यांच्यासाठी तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वल्यथन यांच्या नेतृत्वाखाली बनलेली देशी झडप डिसेंबर १९९० मध्ये प्रथम माणसात बसवली गेली. परदेशी झडप न परवडणाऱ्यांसाठी हे काम किती मोलाचं, हे जिल्ह्याच्या ठिकाणी काम करणाऱ्यालाच कळतं.

तिच्या पाकळ्या लवचीक होत्या, गळती किरकोळ होती, गुठळी नव्हती. म्हणजे फुग्याने झडप उघडण्यासाठी ती अगदी योग्य रुग्ण होती. जपानचे शल्यविशारद कांजी इनोउए यांनी १९८२ मध्ये ही पद्धत प्रथम वापरली. जांघेतल्या शिरेतून नळी उजव्या वरच्या कप्प्यात नेतात, दोन कप्प्यांमधल्या पडद्याला बारीक छिद्र पाडून डावीकडे जातात, फुगा झडपेत अडकवून काही सेकंद फुगवतात, आणि चिकटलेल्या कडा सुट्या होतात. भूल लागते ती जांघेपुरती. गरोदर बाईत हे शक्यतो २० आठवड्यांनंतर करतात, पोटाला शिशाचा एप्रन गुंडाळून आणि क्ष-किरण कमीत कमी वापरून.

२८व्या आठवड्यात नाशिकला हे झालं. खर्च महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून भागला. शिधापत्रिका आणि आधारवरच्या नावातल्या फरकाने दोन दिवस खाल्ले, त्यामुळे असा रुग्ण पाठवताना कागद आधी जुळवून घ्यावेत. झडपेचं तोंड ०.८ वरून १.७ चौरस सेंटिमीटर झालं, दाबाचा फरक १८ वरून ६ वर आला. गळती वाढली नाही. कॅथलॅबमधून बाहेर आल्यावर तिने पहिल्यांदा सांगितलं ते हेच, की छातीवरचं ओझं गेलं.

बाळंतपण

“हृदयाचं पेशंट आहे, सिझेरियनच करा,” असा आग्रह नवऱ्याचा होता. फुग्यानंतर त्याची गरज नव्हती. वेदना कमी करणारे उपाय, डाव्या कुशीवर झोपवणं, जोर लावण्याचा काळ उपकरणाच्या मदतीने थोडक्यात उरकणं, एवढ्यावर ३८व्या आठवड्यात नैसर्गिक प्रसूती झाली. मुलगी, वजन २.४ किलो. खरा धोका वार पडल्यानंतर असतो : आकसलेल्या गर्भाशयातलं रक्त एकदम अभिसरणात परततं. म्हणून पहिले दोन दिवस तिला देखरेखीखाली ठेवलं, शिरेतून द्रव जपून दिले, आणि रक्तस्राव रोखायला मेथर्जिन टाळून ऑक्सिटोसिन हळूहळू दिलं. कुटुंब नियोजनाबद्दल नवरा-बायको दोघांशी बोललो. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या तिच्यासाठी नाहीत. त्यांनी तांबी स्वीकारली.

दर २१ दिवसांनी

फुगा हा इलाज झडपेचा आहे, रोगाचा नाही. पुन्हा घसा धरला, पुन्हा झटका आला तर झडप पुन्हा आकसेल. त्यासाठी बेन्झाथिन पेनिसिलिनचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, तिच्या बाबतीत निदान वयाच्या चाळिशीपर्यंत. या उपायाचं बळ नव्या पुराव्याने पक्कं झालं आहे : युगांडात ५ ते १७ वयाच्या ८१८ मुलांवर झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, एकोवरच दिसणारा सुप्त आजार दोन वर्षांत वाढला तो इंजेक्शन घेणाऱ्यांत ०.८ टक्के आणि न घेणाऱ्यांत ८.२ टक्के मुलांचा.

तरीही हे इंजेक्शन मिळवणं हीच सर्वांत अवघड पायरी ठरते. अनेक खासगी दवाखाने ते ठेवतच नाहीत, कारण “पेनिसिलिनने माणूस दगावतो” ही धास्ती. खरी अ‍ॅलर्जी दुर्मीळ आहे. झडपेचा आजार फार तीव्र असलेल्या रुग्णांत इंजेक्शननंतर घडलेल्या काही दुर्घटना अ‍ॅलर्जीच्या नसून वेदनेने रक्तदाब कोसळल्याच्या असाव्यात, असं अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये मांडलं, आणि अशांना तोंडाने पेनिसिलिन द्यावं असं सुचवलं. म्हणून फुगा होईपर्यंत आम्ही तिला गोळ्याच दिल्या. इंजेक्शन झडप उघडल्यानंतर. तेही तिला आडवं झोपवून, पोटात काही असताना, जाड सुईने, दोन-तीन मिनिटं लावून सावकाश, अ‍ॅलर्जीवरचं अ‍ॅड्रिनलीन हाताशी ठेवून, आणि नंतर अर्धा तास बसवून.

पहिले आठ महिने आशाताईंच्या पाठपुराव्याने एकही इंजेक्शन चुकलं नाही. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला गुजरातेत गेलं आणि लागोपाठ दोन चुकली. कार्ड घरी पेटीत राहिलं होतं. परत आल्यावर एको केली, तोंड १.६, म्हणजे नुकसान झालेलं नव्हतं. तिच्या धाकट्या भावाचीही, वय ११, त्याच वेळी एको केली, कारण एकाच घरात, एकाच दाटीत वाढलेल्या भावंडांत हा आजार सापडतो. त्याच्या मायट्रल झडपेची पाकळी जाडसर आणि थोडी गळती. त्याला काहीही त्रास नाही. त्याचंही इंजेक्शन सुरू आहे.

पुढचं त्यांना आत्ताच सांगून ठेवलं आहे. दहा-पंधरा वर्षांत झडप पुन्हा आकसू शकते. तेव्हा पुन्हा फुगा किंवा झडप बदलणं. नाडी अनियमित झाली, एकाएकी हात-पाय लुळा पडला, बोलताना जीभ अडखळली तर त्याच क्षणी रुग्णालय. वरचा कप्पा थरथरू लागला तर गुठळी टाळण्यासाठी वॉरफरिनच. रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांपैकी रिव्हारोक्साबान रुमॅटिक झडपेच्या रुग्णांत वॉरफरिनपेक्षा कमी पडली, हे २०२२ च्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. दर वर्षी एको, दात किडू न देणं, हिमोग्लोबिन दहाच्या वर.

यंदा तोडीला निघण्याआधी दोघा भावंडांसाठी गुजराती आणि हिंदीत पत्र करून दिलं. त्यात निदान, इंजेक्शनची मात्रा, ते देण्याची रीत, पुढच्या सगळ्या तारखा आणि ठळक अक्षरांत एक ओळ : दम लागत असेल तर सलाईन लावू नये, आधी छाती ऐकावी. एक प्रत मुकादमाकडे ठेवायला सांगितली आहे, आणि इंजेक्शनच्या बाटल्या बरोबर दिल्या आहेत.